बो खडखडतोय, स्क्रू ढिले पडतायत, सर्व्हिंग सारखं उसवतंय? आधी बाण तोला

तिरंदाजीत रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेला बो (धनुष्य) वापरणाऱ्यांचं एकच गाऱ्हाणं फिरून फिरून येतं. बाण सोडला की फट्ट असा कडक आवाज, ग्रिपमधे झिणझिण्या, दोन सेशन झाले की साइटचा (नेम धरायच्या पिनचा) स्क्रू ढिला, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) आपोआप फिरलेला, मधलं सर्व्हिंग (स्ट्रिंगवर गुंडाळलेला दोरा) नॉकिंग पॉइंटच्या (बाण अडकवायच्या खुणेच्या) खाली सरकलेलं, स्ट्रिंगच्या लूपला केस निघालेले, आणि नशीब फारच वाईट असेल तर लिम्बच्या (बोच्या वाकणाऱ्या पात्याच्या) टोकाजवळ बारीक पांढरी रेघ. मग माणूस नवी स्ट्रिंग टाकतो, आठ दिवस बरं वाटतं. मग डॅम्पर (कंप शोषणारं रबर) लावतो, मग स्क्रूला लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद), मग कोणीतरी सांगतं रायझरच (बोचा मधला, हातात धरायचा भाग) खराब आहे. एवढं सगळं बदलून झालं तरी ज्याच्यामुळे हे होतंय ते क्विव्हरमधे तसंच असतं. बाण हलका आहे हो. बोच्या मानाने फारच हलका.

आपल्याकडे नाशकात हे गेल्या काही वर्षांत जास्त दिसतंय आणि कारणही उघड आहे. २०२३ मधे बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंडमधे (चाकांच्या बोमधे) वर्ल्ड चॅम्पियन झाले, दोघंही आपल्या महाराष्ट्रातले, तेव्हापासून मैदानावर नवी पोरं भरपूर वाढली, चांगलंच आहे. पण नव्या पोराला ७० मीटर गाठायची घाई असते, पाउंडेज (बो ओढायला लागणारा जोर) अजून आलेलं नसतं, साइट खाली खाली जात शेवटी संपते, मग दुकानदार सांगतो की बारीक हलका कार्बन घे, लांब जाईल. जातो की! खोटं नाही ते. फक्त त्या वेगाची किंमत बो भरत असतो हे बिलावर लिहिलेलं नसतं.

आता हे होतं का ते जरा नीट सांगतो, कारण कारण कळलं नाही तर परत डॅम्परच विकत घ्याल.

तुम्ही बो ओढता तेव्हा लिम्बमधे ऊर्जा साठते. ती किती साठेल हे पाउंडेज, ओढ किती लांब आहे आणि लिम्बचा आकार यावर ठरतं, बाणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाण कुठलाही लावा, साठा तेवढाच. सोडल्यावर मात्र ती ऊर्जा एकट्या बाणाला मिळत नाही, कारण स्ट्रिंगही पुढे धावते, लिम्बची टोकंही धावतात, आणि त्यांना पळवायलाही ऊर्जा लागतेच. बाण स्ट्रिंग सोडून निघून जातो तेव्हा या पळणाऱ्या वस्तूंकडे जे उरलेलं असतं ते कुठे जाणार? स्ट्रिंग तटकन ताणली जाते आणि सगळं लिम्ब, रायझर, स्क्रू, साइट, शेवटी तुमचा हात, यांच्यात जिरतं. कागदाचा बोळा जिवाच्या आकांताने फेकून बघा, खांद्याला हिसका बसतो, तेच क्रिकेटचा बॉल फेकला तर बसत नाही, कारण बॉल तुमच्या हातातला जोर घेऊन जातो आणि बोळा तो हातातच सोडून जातो.

पॉल क्लॉपस्टेग नावाचा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होता, त्याने याचा हिशोब फार सोपा करून ठेवलाय. स्ट्रिंग आणि लिम्बचं हलणं मिळून जणू बाणाबरोबर एक जास्तीचं वजन पळतंय असं समजायचं, त्याला व्हर्च्युअल मास म्हणतात, आणि गंमत अशी की एका बोसाठी हा आकडा बाण बदलला तरी साधारण तोच राहतो. म्हणजे बाणाचं वजन भागिले (बाणाचं वजन अधिक हे लपलेलं वजन), झाली तुमची एफिशियन्सी. घर्षण, लिम्बच्या आतला तोटा वगैरे वेगळं, ते सध्या सोडा.

समजा १८ किलोचा म्हणजे साधारण ४० पाउंडचा रिकर्व्ह आहे, साठलेली ऊर्जा ४६ ज्यूल धरू आणि लपलेलं वजन ६ ग्रॅम. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या बोचे थोडे इकडेतिकडे असतील. १२ ग्रॅमचा बाण लावला तर तो सेकंदाला ७१ मीटरच्या वर निघतो, ऐकायला भारी, पण घेऊन जातो फक्त ३१ ज्यूल, १५ बोमधेच राहतात. १८ ग्रॅमचा बाण ६२ मीटरने निघतो, साडेचौतीस ज्यूल नेतो, मागे साडेअकरा. २४ ग्रॅमचा ५५ मीटरने निघतो, जवळजवळ ३७ नेतो, मागे नऊ. ३० ग्रॅमचा ५० च्या आसपास, ३८ नेतो, मागे पावणेआठ. आणि बाणच नाही, नुसती स्ट्रिंग सोडली तर? पूर्ण ४६ बोच्या डोक्यावर. म्हणून ड्राय फायर करू नका म्हणून सर लोक ओरडतात. १२ ग्रॅमचा बाण म्हणजे दर शॉटला एक तृतीयांश ड्राय फायर आहे, आणि सेशनला शंभर-दीडशे बाण मारणारी पोरं आहेत आपली.

या आकड्यांत अजून एक बघण्यासारखं आहे. बाण १२ चा २४ केला, दुप्पट, आणि ऊर्जा तेवढीच मिळाली असती तर वेग २९ टक्के पडायला हवा होता. पडला २२-२३ टक्के, कारण जड बाणाने बोकडून जास्तीची ऊर्जा काढून घेतली. पण हा फायदा वर वर जाताना आटत जातो. १२ वरून १८ ला बोमधला उरलेला भाग पावणेचार ज्यूलने उतरतो, २४ वरून ३० ला जेमतेम दीडने. म्हणून उगाच लोखंडी सळई मारायला लागायची गरज नाही.

आता मोजायचं कसं. अमेरिकन पद्धत अशी की बाण ग्रेनमधे, बो पाउंडमधे, आणि पाउंडाला किती ग्रेन पडतात ते बघायचं, त्यालाच जीपीपी म्हणतात. आपल्याकडे कोणाच्याही घरात ग्रेनचा काटा नाही, पोरं मोबाइलवर कन्व्हर्ट करत बसतात आणि हमखास चुकतात. गरजच नाही त्याची. एका पाउंडात ७००० ग्रेन असतात, त्यामुळे ७ जीपीपी म्हणजे बरोबर हजारावा भाग, म्हणजे किलोला एक ग्रॅम. बो १८ किलो ओढला जातो, बाण १८ ग्रॅमचा, झालं ७ जीपीपी. बो १६ किलो आणि बाण १६ ग्रॅम, तेच. बाणाचे ग्रॅम बोच्या किलोपेक्षा कमी दिसले की कान टवकारायचे, एवढं पुरे आहे.

बो मोजायला प्रवासाच्या बॅगा तोलायचा तो हुकवाला डिजिटल काटा चालतो. हुक स्ट्रिंगमधे नॉकिंग पॉइंटला अडकवायचा, क्लिकर (पूर्ण ओढ झाली की टिक वाजणारी पट्टी) पडतो तिथपर्यंत ओढायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. लिम्बवर लिहिलेला आकडा धरू नका, कृपा करून. तो ठरावीक रायझरला आणि ठरावीक ओढीला असतो, तुमची ओढ एक इंच जास्त असेल तर दोनेक पाउंड वाढलेच.

बाण तोलायला ग्रॅमच्या दशांशचिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा काटा लागतो, स्वयंपाकघरातला नाही चालणार. मैदानावर एखाद्याकडे असतो, नाहीतर सरळ सराफ बाजारात जायचं. ओळखीच्या सराफाला आधी हसू येतं, मग उत्सुकता. काट्यावरची काच काढावी लागते कारण बाण आत मावत नाही, ताटलीवर छोटी वाटी उपडी ठेवून आकडा शून्य करायचा आणि त्यावर बाण आडवा तोलून ठेवायचा, दोन्ही टोकं कशाला टेकता कामा नयेत. आणि पंखा बंद करायला सांगा, वेनला (बाणाच्या पिसांना) वारा लागला की शेवटचे दोन आकडे नाचत राहतात. सगळे बाण तोला, एकच नाही. एकाच सेटमधे पाव-अर्ध्या ग्रॅमचा फरक निघाला तर ७० मीटरला वर-खाली जाणाऱ्या ग्रुपचं (लागलेल्या बाणांच्या घोळक्याचं) कारणही तिथेच सापडेल, बोनस समजा.

किती असावं? कंपाउंडला ५ जीपीपी हा सगळ्यात खालचा आकडा धरतात, म्हणजे किलोला ०.७१ ग्रॅम. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाउंड ६० पाउंडच्या वर चालत नाही, तिथे हा हिशोब ३०० ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम होतो, त्याच्या खाली गेलात तर बहुतेक कंपन्या वॉरंटीला हात वर करतात. कॅटलॉगमधला तो जबरदस्त स्पीड बघून भुलू नका, तो ७० पाउंड, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनच्या बाणाने काढलेला असतो, म्हणजे बरोबर त्याच ५ च्या काठावर. रिकर्व्हला मी किलोला एक ग्रॅमच्या खाली कोणाला जाऊ देत नाही, जमलं तर १.१-१.२ ठेवा. तुमच्या लिम्बच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर अर्थातच ते आधी. आणि लाकडी-बांबूच्या धनुष्याला, इंडियन राउंडवाले बरेच आहेत आपल्यात, सुरगाणा-पेठ भागातली पोरं तर घरूनच हात बसवून येतात, तिथे किलोला १.३-१.४ पर्यंत जा. बांबूची टोकं जड असतात, लपलेलं वजन जास्त, समजा ते १२ ग्रॅम असेल तर १८ ग्रॅमच्या बाणाला फक्त ६० टक्के मिळतात आणि ३० ग्रॅमच्याला ७१. रिकर्व्हचे हलके कार्बन बांबूच्या धनुष्यावर मारायची जी फॅशन आलीय ती म्हणूनच मला अजिबात पटत नाही. धनुष्य फुटतं आणि वर दोष बांबूला.

बरं, "माझे बाण गेल्या वर्षी ठीक होते, तेच आहेत, मग आताच का?" हा प्रश्न हमखास येतो. कारण बाण तेच आहेत, बो तो नाही. आधी लिम्ब बोल्ट आत फिरवून आणि मग जास्त पाउंडचे लिम्ब टाकून तुम्ही ३६ चे ४२ पाउंड केले, २८० ग्रेनचा बाण तोच, तर पावणेआठ जीपीपीवरून ६.७ वर आलात. किंवा पोरगं पंधरा-सोळाचं आहे, वर्षात उंची वाढली, ओढ वाढली, क्लिकर पुढे सरकवला, पाउंडेज न सांगता चढलं. दर दोन-तीन महिन्यांनी वाढत्या वयातल्या पोरांचा बो हुकला लावून बघायचाच.

पण सगळंच बाणाच्या माथी मारू नका. खात्री करायला एक साधी टेस्ट आहे. मैदानावर कोणाकडून तरी जड बाण मागून घ्या, लांबी तुमच्या बाणाएवढी किंवा जास्त, कडकपणा तुमच्याएवढा किंवा जास्त, हे दोन्ही बघूनच, आखूड बाण रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) मागे येऊन हातात घुसू शकतो आणि मऊ शाफ्ट (बाणाची काडी) फुटू शकतो. दहा मीटरवरून मोठ्या बटवर (निशाण लावायच्या गादीवर) चार-पाच मारा. कुठे लागतात ते बघायचंच नाही, फक्त कान आणि तळहात. आवाज जाड झाला, झिणझिण्या कमी झाल्या तर रोग सापडला. काहीच फरक नाही पडला तर वजन सोडा आणि ब्रेस हाइट (ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) मोजा, ६८ इंची बोला साधारण साडेआठ ते नऊ इंच, तुमच्या लिम्बचा आकडा त्यांच्या कागदावर असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमधे हे फार होतं, दुपारभर बो गाडीत ठेवलेला, स्ट्रिंग ताणून लांब झालेली, ब्रेस हाइट अर्धा इंच उतरलेली आणि बो ठणाणा करतोय. गाडीत ठेवूच नका उन्हाळ्यात, लिम्बचे थर सुटतात त्याने, ते वेगळंच दुखणं.

आणि नॉक (बाणाची मागची, स्ट्रिंगवर बसणारी खाच) फुटणं या यादीत घालू नका, लोक घालतात. हलक्या बाणाच्या नॉकवर उलट जोर कमी येतो. नॉक फुटतो तो मागून दुसरा बाण बसल्याने किंवा सर्व्हिंग जाड असल्याने. लावलेला बाण खाली तोंड करून लटकवा, स्ट्रिंगला बोटाने टिचकी मारा, टिचकीने पडला पाहिजे, आपोआप पडायला नको आणि झटके देऊनही पडत नाही असंही नको. ढिला असेल तर बाण सुटण्याच्या क्षणी निसटतो आणि मग तो सरळसरळ ड्राय फायर.

वजन वाढवायचं ठरलं की सगळे पहिल्यांदा पॉइंटकडे (बाणाच्या पुढच्या टोकाकडे) पळतात. १०० ग्रेनचा काढून १२० चा लावला, स्वस्त आणि मस्त. पण २० ग्रेन म्हणजे फक्त १.३ ग्रॅम. वरच्याच उदाहरणात १८ चा बाण १९.३ झाला तर बोमधला उरलेला भाग साडेअकरावरून अकराच्या जरा खाली येतो, बस. काठावर असाल तर पुरेल, पार खड्ड्यात असाल तर नाही. शिवाय पुढे वजन टाकलं की बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे शाफ्ट मऊ असल्यासारखा वागतो, उजव्या हाताचे असाल तर ग्रुप उजवीकडे सरकायला लागतो. थोडा सरकला तर बटनची (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगवाल्या खिळीची) स्प्रिंग कडक करून सांभाळता येतं, जास्त सरकला तर बटन पिळत बसू नका, शाफ्टच बदलायची वेळ आलीय. बॅलन्स पॉइंट बाणाच्या मध्यापासून किती पुढे आहे तेही बघून घ्या, टार्गेट रिकर्व्हला लांबीच्या ११ ते १६ टक्के ठीक धरतात.

पार खड्ड्यात असाल, म्हणजे किलोला पाऊण ग्रॅम वगैरे, तर दुसरा शाफ्ट. इथे बारीक पण जाड भिंतीचा घ्या. ७० मीटरवाले मोठे खेळाडू बारीक आणि जड बाण मारतात ते उगाच नाही. जड बाण हळू निघतो पण वाटेत वेग कमी गमावतो, बारीक असल्याने आडव्या वाऱ्याला पकडायला जागा कमी. दुपारनंतर आपल्याकडे उघड्या मैदानावर वारा सुटला की हलक्या जाड बाणांचे ग्रुप कसे पसरतात ते सगळ्यांनी बघितलंय.

दुसरी बाजूही आहे, जिच्याकडे कोणी बघत नाही. बाण जड करण्याऐवजी ते लपलेलं वजन कमी करा. स्ट्रिंगला गरजेपेक्षा जास्त धागे, मधलं सर्व्हिंग वीतभर लांब, पितळी नॉकिंग पॉइंट दोन-दोन, त्यावर आवाज कमी करायला लावलेले केसाळ गोंडे, हे सगळं स्ट्रिंगबरोबर पळतं. पितळी काढून दोऱ्याचे बांधा, सर्व्हिंग लागतं तेवढंच ठेवा, धागे तुमच्या नॉकला आणि पाउंडेजला शोभतील तेवढे. याने बाणाचा वेगही वाढतो आणि बोही शांत होतो, दोन्ही एकदम देणारं दुसरं काही नाही.

लहान पोरांच्या आईबाबांसाठी एक सांगतो, तुम्ही घाबरू नका. २६ पाउंडच्या बोवर २६० ग्रेनचा बाण म्हणजे १० जीपीपी, तिथे वजनाचा प्रश्नच नाही. त्या बोचा आवाज येत असेल तर ब्रेस हाइट किंवा ढिला बोल्ट. त्यांना जड बाण दिलात तर ३० मीटरलाही साइट पुरणार नाही आणि पोरगं बिचारं वैतागून सोडून देईल.

मोठ्यांनाही साइटचा धक्का बसणारच आहे, आधीच सांगतो. १८ चा बाण २४ ग्रॅमचा केला तर ७० मीटरला बाण हवेचा विरोध न धरताही दीड मीटर जास्त खाली येतो, म्हणजे साइट जवळजवळ दोन सेंटीमीटर खाली न्यावी लागते. कोणाकोणाची तिथे संपते, पिन बाणाच्या आड येते. मग मधला मार्ग काढा, २०-२१ ग्रॅमवर थांबा, हनुवटीखालचा अँकर (ओढलेला हात टेकायची जागा) आणि साइटचा दांडा आत घेऊन बघा, पाउंडेज हळूहळू वाढवा आणि त्याबरोबर बाणही. एकदम उडी नको. नवे मार्क (प्रत्येक अंतराचे साइटचे आकडे) १८ मीटरपासून परत काढा, जुन्या आकड्यांना काहीतरी जोडून अंदाजाने लावले तर बाण शोधत गवतात फिरावं लागेल.

आणि हे सगळं करण्याआधी लिम्ब तपासा. कापसाचा बोळा घेऊन दोन्ही लिम्बच्या कडांवरून, विशेष करून टोकाजवळ स्ट्रिंगचा लूप बसतो तिथून, अलगद फिरवा. कुठे कापसाचे तंतू अडकले तर तिथे चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. अडकले तर वरचं काहीही करू नका, बाण कितीही जड असला तरी तो लिम्ब ओढायचा नाही, स्ट्रिंग उतरवा आणि कोचला दाखवा.